रेसचा घोडा इव्हेंटिंगसाठी तयार करताना

रेसच्या घोड्यावर स्वार चालत्या घोड्यावरच चढतो. सईस घोडा गोलात फिरवत असतो, दुसरा माणूस स्वाराची वाकवलेली डावी पिंढरी धरून त्याला वर उचलतो, आणि पाठीवर वजन पडतं तेव्हा घोड्याचं पाऊल थांबलेलं नसतं. दोन-तीन वर्षं रोज पहाटे हेच चालतं. असा घोडा पागेत आणून त्याच्या शेजारी चढायचा ठोकळा ठेवला, स्वाराने रिकिबीत पाय घातला, की घोडा पुढे निघतो आणि नवा मालक म्हणतो, ‘याला खोड आहे.’ खोड कसली? पाठीवर वजन आलं की निघायचं, हे त्याला शिकवलेलं आहे आणि तो ते चोख करतोय.

पुढच्या दहा-बारा महिन्यांचं काम बहुतेक याच जातीचं असतं. घोड्याला गाडीत चढणं, नालबंदापुढे पाय देणं, अंघोळ, गर्दी, खोगीर, लगाम हे सगळं पाठ असतं. येत नाही ते थोडंच, पण आपल्याला नेमकं तेच लागतं: एकट्याने बाहेर जाणं, उभं राहणं, दोन्ही अंगांनी सारखं वळणं, स्वाराच्या पोटरीला उत्तर देणं, आणि लगाम हाताला लागला तरी न पळणं. पुणे-मुंबईच्या रेसकोर्सवरून आलेल्या घोड्यांबरोबर आम्ही काय करतो ते इथे लिहिलं आहे. लक्ष्य मर्यादित आहे: ८०-९० सेंटिमीटर उंचीच्या अडथळ्यांचा हौशी वर्ग.

इव्हेंटिंग म्हणजे एकाच घोड्याने तीन परीक्षा देणं. आखलेल्या रिंगणात ठरलेल्या हालचाली करून दाखवायचं ड्रेसाज, रचलेल्या दांड्यांवरून शो जंपिंग, आणि माळरानावर ओंडके-चर-पाणी ओलांडत क्रॉस-कंट्री. खेळ मुळात घोडदळाचा. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये तो पहिल्यांदा आला. आपल्याकडेही तो बराच काळ लष्कराचाच राहिला. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये ६१ कॅव्हलरीच्या रघुबीर सिंग यांनी शहजादा या घोड्यावर सुवर्ण जिंकलं. २०१८ ला जकार्तात फवाद मिर्झाने रौप्य आणलं ते युरोपात तयार झालेल्या सेन्योर मेडिकॉटवर. तसा घोडा हौशी स्वाराला परवडत नाही. त्याच्या आवाक्यात येतो तो रेसमधून बाहेर पडलेला थरोब्रेड, म्हणजे रेससाठी पैदास केलेल्या जातीचा घोडा.

घोडा निवडताना रेसमधल्या कामगिरीकडे बघायचं, पण उलट्या बाजूने. तीन रेस धावून बाजूला पडलेल्या घोड्यापेक्षा पंचवीस रेस धावून पाय साफ राहिलेला मधल्या कुवतीचा घोडा आम्हाला जास्त विश्वासाचा वाटतो. पहिल्याच्या बाबतीत तो का थांबला हे शोधावं लागतं. दुसऱ्याच्या पायांची परीक्षा ट्रॅकने घेऊन ठेवलेली असते. सईसाला मामा म्हणून चहा पाजा आणि विचारा: चंदी (धान्याचा खुराक) संपवतो का, उरवतो का, दातांनी दरवाजा धरून हवा ओढतो का, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना चावायला येतो का, एकटा ठेवला तर घाम फुटतो का. ट्रेनर विक्रीचं बोलेल, सईस घोड्याचं बोलतो.

चाल, म्हणजे घोड्याचं साधं चालणं, बघायची ती ओल्या वाळूवर. मागच्या खुराचा ठसा पुढच्या खुराच्या ठशाच्या निदान वीतभर पुढे पडायला हवा. दुडकी शिकवून सुधारते, चाल फारशी सुधारत नाही, आणि चाल लांब असलेल्या घोड्याचा कँटरही (दुडकीहून वेगवान, भरधावपेक्षा संथ दौड) सहसा बरा निघतो. मग पाय. पुढच्या पायाच्या नळीमागून गुडघ्यापासून खाली बोटं फिरवायची, आधी पाय टेकलेला असताना, मग उचलून वाकवलेला असताना. कंडरा दोरीसारखी स्वच्छ, दोन्ही पायांत सारखी लागली पाहिजे. मधेच फुगवटा, ऊब किंवा दाबल्यावर पाय मागे घेणं दिसलं तर सोनोग्राफीशिवाय पुढे जायचं नाही. पुढच्या पायाची जुनी, वर्षभरापूर्वी भरून आलेली, थंड आणि घट्ट झालेली इजा ८०-९० सेंटिमीटरला अनेकदा चालून जाते. मागच्या पायाच्या सस्पेन्सरी लिगामेंटची (नळीमागून घोट्याला आधार देणाऱ्या बंधाची) इजा मात्र आम्ही कितीही स्वस्तात मिळाली तरी घेत नाही. उतारावर आणि उडीला जोर तिथूनच येतो. गुडघा आणि घोट्याचे एक्स-रे, पाठीच्या मणक्यांवर हात दाबून बघणं, दात, आणि पळताना श्वास आत घेताना घरघर होते का हेही बघायचं.

कागदांत पासपोर्ट आणि मायक्रोचिपचा क्रमांक जुळवून घ्या, मालकी बदलल्याचं पत्र लेखी घ्या. भारतीय स्टड बुकचा कारभार टर्फ क्लबच्याच छत्राखाली चालतो, त्यामुळे इथल्या घोड्याची वंशावळ आणि वय यांत गोंधळ नसतो. धनुर्वात आणि इन्फ्लुएंझाच्या लसी, आणि ग्लँडर्सचा ताजा निगेटिव्ह अहवाल हवाच. हा रोग माणसालाही होतो, आणि अहवालाशिवाय स्पर्धेच्या फाटकातून आत सोडत नाहीत.

वेळेचं गणित असं. मुंबईचा मोसम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल आणि पुण्याचा पावसाळा ते दिवाळीच्या आसपास. महालक्ष्मीचा मोसम संपताना, एप्रिलमध्ये घोडा घेतला तर उन्हाळा विश्रांतीत जातो, पावसाळा चालीत आणि जमिनीवरच्या कामात, आणि उड्यांना कोरडी थंडी मिळते. दिवाळीत घेतलेल्या घोड्याला उड्या शिकायच्या वेळी मे महिन्याची दगडासारखी जमीन मिळते.

पहिले सहा ते आठ आठवडे खोगीर नाही. या काळात बदलतो तो आहार. ट्रेनिंगमधला घोडा दिवसाला पाच-सहा किलो चंदी खातो आणि वैरण त्याहून कमी. आपल्याला हे उलटं करायचं आहे. ४५० किलोच्या घोड्याला वजनाच्या दोन टक्के, म्हणजे नऊ किलोच्या आसपास सुकी वैरण, त्यातली दोन किलो लसूणघास. चंदी एकदम तोडायची नाही, दर दोन दिवसांनी अर्धा किलो कमी करत दोन आठवड्यांत दीड-दोन किलोवर आणायची. झटक्यात बदल केला की पोटातल्या जंतूंचा समतोल जातो आणि पोटशूळ उठतो. मीठ दिवसाला २५-३० ग्रॅम.

रेसच्या बहुतेक घोड्यांच्या जठरात कमी-अधिक व्रण असतात. जास्त धान्य, कमी वैरण, रिकाम्या पोटी पळणं आणि दिवसभर कोंडून राहणं ही त्याची कारणं. तंग आवळताना कान मागे, चंदी अर्धी सोडणं, दात करकर वाजवणं, निस्तेज अंग ही लक्षणं आम्ही आधी पोटाची समजतो आणि मगच स्वभावाची. खात्री करायची तर दुर्बीण घालून तपासणी लागते, घोडा बारा ते सोळा तास उपाशी ठेवून. ओमेप्राझोल किलोमागे ४ मिलिग्रॅम, म्हणजे अशा घोड्याला दिवसाला १.८ ग्रॅम, चार आठवडे, हा नेहमीचा कोर्स. पण तो डॉक्टरांनी लिहून द्यावा आणि शेवटी हळूहळू कमी करावा. यापुढे आयुष्यभराची एक सवय लावून घ्यायची: कामाआधी वीस मिनिटं एक किलो लसूणघास. ती जठरात चटईसारखी पसरते, पळताना आम्ल वर उसळत नाही, आणि तिच्यातला चुना (कॅल्शियम) आम्लाला मारतो.

फासळ्या दिसायला लागल्या की लोक ओट वाढवतात आणि मग घोडा डोक्यावर बसतो. वजन तेलाने वाढवा. ५० मिलिलिटरपासून सुरू करून तीन आठवड्यांत २०० पर्यंत, सोबत ई जीवनसत्त्व. गव्हाचा कोंडा रोज मुठीमुठीने घालायचा असेल तर लसूणघास बंद करू नका. कोंड्यात फॉस्फरस जास्त असतो आणि चुना कमी.

मोकळं सोडणं ही विश्रांतीतली सगळ्यात धोक्याची पायरी. चोवीसपैकी तेवीस तास खोलीत राहिलेला घोडा मोठ्या मैदानात सोडला तर तो कुंपणापर्यंत भरधाव जातो आणि वळायला जागा उरत नाही. पहिला आठवडा दहा बाय दहा मीटरचं वाळूचं आवार, पायांना बूट, समोर वैरणीचा भारा, शेजारी एखादा म्हातारा थंड घोडा, आणि वेळ अर्धा तास. तेही हाताने अर्धा तास चालवून आणल्यावर. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जागा आणि वेळ वाढवा. जागाच नसेल तर सकाळ-संध्याकाळ चाळीस-चाळीस मिनिटं हातात धरून चालवणं याला दुसरा पर्याय नाही. काही घोडे विश्रांतीने बिघडतात: खोलीत डोलतात, वजन टाकतात. त्यांना दहाव्या दिवसापासून रोज हलकं काम द्यावं. आठ आठवडे म्हणजे आठच, असं काही नाही.

नालबंद पहिल्या आठवड्यातच बोलवायचा. ट्रॅकवरची ॲल्युमिनियमची हलकी नाल काढून लोखंडी नाल येते, आणि तेव्हाच कळतं की पंजा लांब वाढलाय, टाच पुढे सरकून चिरडली गेलीय आणि खुराची भिंत खिळ्यांनी चाळण झालीय. हे एका नालबंदीत सुटत नाही. खुराच्या पुढच्या भागाला वरून खालपर्यंत नवं यायला नऊ ते बारा महिने लागतात, तोवर दर चार-पाच आठवड्यांनी नाल. ‘निसर्गाला सोडा, बिननालेचा ठेवा’ असा सल्ला हल्ली मिळतो. पातळ तळव्याच्या थरोब्रेडला दख्खनच्या खडी-मुरुमावर तो मानवत नाही. पावसाळ्यात खुराच्या तळाला वास यायला लागला तर मोरचुदाचं पाणी लावण्याआधी खोलीतला ओला भुसा बदला, कारण रोग तिथे आहे.

आता स्वारी, आणि परत तो ठोकळा. आम्ही यावर चार ते सहा दिवस घालवतो. पहिल्या दिवशी घोडा नुसता ठोकळ्याशेजारून नेतो, थांबवतो, गाजराचा तुकडा, पुढे. दुसऱ्या दिवशी स्वार ठोकळ्यावर चढतो, खोगिरावर थापट्या मारतो, रिकीब हलवतो, खाली उतरतो. घोडा हलला तर ओढाताण नाही. गोल फिरवून परत त्याच जागी. मग डाव्या पायाचं वजन रिकिबीत, तीन आकडे मोजायचे, उतरायचं. मग पोटावर आडवं. बसल्यावर पहिलं काम चालायचं नाही, उभं राहायचं: धरणाऱ्या माणसाने दुसरं गाजर द्यायचं आणि ते चावून संपेपर्यंत कोणी काही करायचं नाही. ते चावण्याचे दहा-पंधरा सेकंद म्हणजे सगळा धडा. आठवड्याने घोडा वजन आलं की पुढे बघण्याऐवजी मान वळवून गाजराकडे बघतो.

पायाचं प्रकरण याहून नाजूक. जॉकीच्या रिकिबी इतक्या आखूड असतात की त्याची पोटरी घोड्याच्या बरगड्यांना कधी लागतच नाही. पाय लांब सोडून बसलेला स्वार या घोड्याला नवीनच. त्यातून स्वार घाबरून पाय दूर धरतो आणि मग एखाद्या वळणावर ते अचानक लागतात. आधी जमिनीवरून रिकिबीचे पट्टे सोडून ते कुशीवर झुलू द्या, हाताने तिथे चोळा. वर बसल्यावर पाय पहिल्या मिनिटापासून हलके टेकलेले असू द्या, ओल्या कपड्यासारखे.

आणि लगाम. ट्रॅकवर जॉकी लगाम आखूड धरून मुठी मानेवर टेकवतो, घोडा बिटवर (तोंडातल्या लगामाच्या कडीवर) भार टाकतो आणि त्या आधारावर पळतो. म्हणून हा घोडा ओढला की थांबत नाही, पळतो. रेस संपते ती कशाने? शेवटचा खांब गेला की जॉकी रिकिबीत उभा राहतो आणि हात सोडतो. हे लक्षात ठेवलं तर पहिल्या महिन्यातले निम्मे अपघात टळतात. घोडा वेग घ्यायला लागला की ताठ बसा, लगाम क्षणभर मऊ सोडा, आवाज द्या, मोठ्या वर्तुळात वळवा, पुन्हा हलकं घ्या, पुन्हा सोडा. सरळ ओढत राहण्याच्या स्पर्धेत ४५० किलो जिंकतात. बिट साधी, दोन सांध्यांची स्नॅफल; कडक बिट घातली की मान वर आणि पाठ खाली. नाकपट्ट्याखाली दोन बोटं जायला हवीत.

मुंबई आणि पुण्याचे ट्रॅक उजव्या हाताचे आहेत. वळण उजवं, म्हणून वळणावर घोडा उजव्या पायावर (उजवा पुढचा पाय आघाडीला ठेवून) पळतो आणि शेवटच्या सरळ पट्ट्यात डाव्यावर बदलतो. त्यामुळे दोन्ही पायांचा कँटर त्याला येतो, पण डावीकडे वळताना डावा पाय पुढे काढायचा हे त्याने कधी केलेलं नसतं. डाव्या वर्तुळात तो खांदा बाहेर टाकतो किंवा चुकीच्या पायावर निघतो. म्हणून डावीकडे दुप्पट काम घेऊ नका, त्या बाजूचे स्नायू थकतात आणि विरोध वाढतो. पाच मिनिटांचे छोटे तुकडे, तीन डावे, दोन उजवे. लांब दोरीवर गोल फिरवायचं तर वर्तुळ वीस मीटरच्या खाली नको आणि एका बाजूला दहा मिनिटांपेक्षा जास्त नको.

पहिले दोन महिने चाल आणि दुडकी. आठवड्यातले पाच दिवस, चाळीस मिनिटं, त्यातली निम्मी चाल. वीस मीटरची वर्तुळं, तीन वळणांचे साप, दुडकीतून चाल आणि चालीतून थांबणं. एका सत्रात तीस बदल तरी व्हावेत. कंटाळवाणं वाटतं, पण ब्रेक इथे तयार होतो. दर तीन-चार महिन्यांनी खोगीर तपासायचं. रेसच्या पाठीत मणक्याच्या दोन्ही बाजूंना खळगे असतात, काम सुरू झालं की ते भरतात, आणि मार्चमध्ये बसलेलं खोगीर जुलैत रुततं. काम झाल्यावर खोगिराखालच्या घामात कोरडा ठिपका दिसला तर दाब तिथे आहे.

ड्रेसाजमध्ये हौशी वर्गाचा प्रयोग सहसा २० बाय ४० मीटरच्या रिंगणात होतो. गुणांची टक्केवारी शंभरातून वजा करून दंड धरतात. ६५ टक्के मिळाले तर ३५ दंड घेऊन पुढे जायचं, आणि कमी दंडवाला जिंकतो. रेसचा घोडा गुण गमावतो त्या जागा ठरलेल्या: मधल्या रेषेवर थांबणं, आणि लांब सोडलेल्या लगामावरची मोकळी चाल. तिथे तो मान लांबवण्याऐवजी इकडेतिकडे बघतो आणि टपटप पळायला लागतो. म्हणून रोजच्या कामाचा शेवट याच मोकळ्या चालीने करायचा, रिंगणातच, परीक्षा असल्यासारखा. पागेकडे जाताना नाही. पागेकडे मान सगळेच खाली घालतात.

उड्यांची घाई सगळ्यांना होते, कारण थरोब्रेडला उडी सहज येते. सहाव्या आठवड्यात मीटरभर उडालेल्या घोड्याचे व्हिडिओ लोक हौसेने दाखवतात. स्नायू आणि फुप्फुसं तयार असतात, पण उडीनंतर खाली येताना एकाच पुढच्या पायावर जो भार येतो त्याची कंडरांना आणि सांध्यांना सवय नसते. चौथ्या महिन्याआधी आम्ही जमिनीवरच्या दांड्यांपलीकडे जात नाही. दांड्यांमधलं अंतर चालीला ८०-९० सेंटिमीटर, दुडकीला १.३० मीटर, कँटरला तीन मीटरच्या जरा आत. आधी पावलांनी मोजा आणि मग घोड्याच्या पावलाप्रमाणे दहा-दहा सेंटिमीटरने सरकवा. दांडी खुराने सारखी वाजत असेल तर चूक घोड्याची नाही, अंतराची आहे.

पहिली उडी म्हणजे दोन दांड्यांची फुली, मध्यावर ३० सेंटिमीटर, समोर २.५० मीटरवर जमिनीवर एक दांडी, आणि दुडकीत. महिनाभर सगळं दुडकीतच. कँटरमध्ये गेलं की हा घोडा लांबून उडी घेतो, सपाट उडतो, आणि उतरल्यावर पळत सुटतो. त्यावर उपाय हाताने नाही, दांडीने करायचा: उतरण्याच्या जागेपुढे तीन मीटरवर दांडी ठेवली की तो खाली बघतो आणि पाऊल आखडतो. नंतर एका पावलाची जोडी: दोन अडथळे, मधे कँटरचं एकच पाऊल. दुडकीतून आत येत असेल तर दोन अडथळ्यांत साडेपाच मीटर, कँटरमधून सव्वासात. आठवड्यातून दोनदाच उड्या, एका वेळी पंधरा-वीस. शो जंपिंगला एक दांडी पाडली की चार दंड. या घोड्यांच्या हातून पडतात त्या पुढच्या पायांनी, वेगात सपाट गेल्यामुळे.

क्रॉस-कंट्रीला लोक म्हणतात, रेसचा घोडा आहे, वेगाची काय काळजी. काळजी वेगाचीच. १२०० मीटरची रेस सव्वा मिनिटाच्या आत संपते, म्हणजे मिनिटाला जवळजवळ १००० मीटर. ब्रिटनमधल्या हौशी वर्गात ८० सेंटिमीटरला अपेक्षित वेग मिनिटाला ४३५ मीटर आणि ९० ला ४५०. आपल्या स्पर्धेचा वेग तिच्या वेळापत्रकात बघा. निम्म्याहून कमीच असतो. तेव्हा ठरलेल्या वेळेत येणं सोपं, पण त्या संथ लयीत न चिडता चार-पाच मिनिटं राहणं अवघड. मैदानात टेपने ४३५ मीटर मोजून दोन झेंडे लावा, मनगटावर घड्याळ, आणि बरोबर मिनिटात पोचायचा सराव करा. पहिल्यांदा सगळे चाळीस-पंचेचाळीस सेकंदात पोचतात. बरोबर दुसरा घोडा नको; शेजारी टापा वाजल्या की ती रेस.

अडथळे आधी चालीत दाखवायचे. ओंडका ४० सेंटिमीटरचा, चर अर्ध्या मीटरचा, चढ-उताराची पायरी गुडघाभर. चराची भीती रेसच्या घोड्याला जास्त, कारण सपाट हिरवळीवर त्याने जमिनीत भोक कधी पाहिलेलं नसतं. समोर जुना घोडा चालवा आणि मागे राहा, आणि पहिल्यांदा तो वाकडातिकडा, हरणासारखा उडेल म्हणून आयाळ धरा. तोंडाला झटका बसला तर पुढचे तीन आठवडे तो चरापाशी थांबेल. पाण्यासाठी पावसाळ्याइतका मास्तर नाही. डबक्यातून रोज चालत न्या, घोटाभर पाण्यात उभं करा. तळ मात्र आधी स्वतः गमबूट घालून चाचपून या. एकदा पाय रुतला की घोड्याचा पाण्यावरचा विश्वास मोसमभर परत येत नाही. अडथळ्यापाशी नकार दिला की २० दंड, त्याच अडथळ्यावर दुसऱ्यांदा ४०, तिसऱ्यांदा बाद. ठरलेल्या वेळेपेक्षा उशीर झाला तर सेकंदाला ०.४. हा हिशेब बघता जोरात जाण्यात काहीच मिळत नाही. अडथळ्याच्या पाच-सहा पावलं आधी ताठ बसून लय गोळा करा आणि मग घोड्याला स्वतः बघू द्या.

दम वाढवायला दर चौथ्या दिवशी चार-चार मिनिटांचे तीन कँटर, मिनिटाला ४०० मीटरने, मधे तीन मिनिटं चाल. शेवटच्या कँटरनंतर दहा मिनिटांनी नाडी ६४ च्या खाली यायला हवी. नाही आली तर पुढच्या वेळी वाढवू नका. कोकणच्या किंवा मुंबईच्या दमट हवेत घाम सुकत नाही, म्हणून अंग निवत नाही. गार पाणी मान, छाती, मांड्यांवर ओतत राहायचं आणि घोडा चालवत राहायचं. ओला टॉवेल पांघरून ठेवला की खाली ऊब कोंडते. थर्मामीटर ३९ अंश सेल्सिअसच्या खाली येईपर्यंत खोलीत बांधायचं नाही.

स्पर्धेला पहिल्यांदा न्यायचं ते भाग घ्यायला नाही. लाउडस्पीकर, झेंडे, गाड्या, माणसं हे सगळं त्याच्या लेखी एकच: आज रेस आहे. गाडीतून उतरवा, दोन तास हातात धरून चरवा, घाम सुकू द्या, परत आणा. दुसऱ्यांदा नुसता सरावाच्या रिंगणात बसा. तिसऱ्यांदा प्रवेशिका भरा. शेपटीला लाल फीत बांधली तर मागून येणारे अंतर ठेवतात. घोडा लाथ मारत नसला तरी आम्ही बांधतो.

राहिला स्टार्ट बॉक्स. क्रॉस-कंट्रीच्या सुरुवातीला पुढून उघडी, आत शिरायला बाजूला फट असलेली चौकट असते. स्टार्टर दहापासून उलटे आकडे मोजतो. रेसच्या घोड्याला हे स्टार्टिंग गेट वाटतं, आणि गेटमध्ये त्याला शिकवलेलं असतं की दार उघडताच जे आहे ते सगळं द्यायचं. आत शिरला की डोळे मोठे होतात, मागचे पाय पोटाखाली येतात, स्वाराला खोगिराखाली स्प्रिंग दाबल्यासारखी जाणवते. घरीच दांड्या आणि पिंपं मांडून अशी चौकट करा. पन्नास वेळा चालत आत, उभं, गाजर, चालत बाहेर. मोजणारा माणूस ठेवा: ‘पाच, चार, तीन, दोन, एक’, आणि ‘एक’ला घोडा चालत बाहेर. दहापैकी नऊ वेळा चाल, एकदा दुडकी. स्पर्धेत मात्र दहा सेकंद उरेपर्यंत आत जायचंच नाही. बाहेर मोठ्या वर्तुळात फिरत राहायचं, आकडे सुरू झाले की बाजूने आत वळायचं, ‘एक’पर्यंत चालत राहायचं. नियमाप्रमाणे खुणेआधी बाहेर पडता येत नाही. आत उभं राहायलाच हवं असंही नाही. पहिला अडथळा येईपर्यंत दुडकी चालते, तेवढे सात-आठ सेकंद गेले तर जाऊ द्या.

घरी परत आल्यावर त्याच संध्याकाळी वीस मिनिटं पायांवर गार पाणी. दुसऱ्या दिवशी सकाळी बँडेज काढून अर्ध्या तासाने, खोलीतून बाहेर न काढता, आधी चारही नळ्यांमागून हात फिरवायचा, मग कडक जमिनीवर सरळ रेषेत दुडकी, कोणीतरी मागून आणि पुढून बघायला. दोन्ही पायांना सारखी मऊ सूज असेल तर वीस मिनिटांच्या चालीने उतरते. एकाच पायाला असेल, ऊब असेल, तर त्या दिवशी खोगीर खुंटीवरून काढायचं नाही, आणि सोनोग्राफीची वेळ घ्यायची.